रिकाम्या यंत्राची वीज

बिल नेहमीपेक्षा जास्त आले की घरात पहिला संशय पंख्यावर जातो, मग टीव्हीवर. वर्गात मुलांना विचारून पाहा, 'जास्त वीज कशाला लागते?' बहुतेक उत्तरे 'मोठ्या यंत्राला' अशीच येतील. हे उत्तर अर्धेच बरोबर आहे. यंत्र किती मोठे आहे याबरोबरच ते किती वेळ चालू आहे हेही विचारावे लागते. शिवाय 'चालू' या शब्दाचा अर्थ वाटतो तेवढा सरळ नाही. कित्येक यंत्रे कोणी वापरत नसतानाही चालूच असतात.

अशा रिकाम्या यंत्रांना किती वीज लागते, हे पालघर जिल्ह्यातील जव्हार व मोखाडा तालुक्यांतील एखादे साधे घर डोळ्यांसमोर ठेवून आपण पाहू. दिवसाला पाऊण-एक युनिट वीज वापरणाऱ्या घरात हा हिशेब नुसता पुस्तकातला राहत नाही. थोड्याशा फरकाने घराचा दरच बदलू शकतो. ते कसे, हे पुढे येईलच.

एक युनिट म्हणजे किती?

यंत्र दर सेकंदाला जेवढी ऊर्जा वापरते तिला आपण शक्ती म्हणतो आणि ती वॅटमध्ये मोजतो. एक वॅट म्हणजे दर सेकंदाला एक ज्यूल. १००० वॅटचे यंत्र एक तास चालले की एक युनिट होते. तासाचे सेकंद ३६००, म्हणून एक युनिट म्हणजे ३६,००,००० ज्यूल.

छत्तीस लाख हा आकडा मुलांच्या डोळ्यांसमोर उभा राहत नाही. तो उभा करण्यासाठी जव्हारची चढण उपयोगी पडते. जव्हार समुद्रसपाटीपासून सुमारे ४५० मीटर उंचीवर आहे. एक किलो वजन एक मीटर उचलायला ९.८ ज्यूल ऊर्जा लागते. म्हणजे एक किलो वजन समुद्रकिनाऱ्याच्या पातळीपासून जव्हारपर्यंत चढवायला ९.८ × ४५० = ४४१० ज्यूल हवेत. छत्तीस लाखांना ४४१० ने भागले तर उत्तर ८१६ येते. घर्षणात व यंत्रात जाणारी ऊर्जा सोडून दिली, तर एका युनिटात आठशे किलो वजन, म्हणजे नागलीची पन्नास किलोची सोळा पोती, किनाऱ्यापासून जव्हारच्या पठारावर येतील.

दुसरे उदाहरण पाण्याचे घ्या. उन्हाळ्यात मोखाड्याकडच्या पाड्यांवर पाणी खालच्या विहिरीवरून किंवा ओहोळातल्या झऱ्यावरून आणावे लागते. हंड्यात १५ लिटर पाणी आहे आणि चढ ६० मीटरचा आहे असे समजू. त्या पाण्याला वर आणण्याचे काम १५ × ९.८ × ६० = ८८२० ज्यूल. एका युनिटात असे ४०८ हंडे वर येतात. (बाईच्या शरीराची खर्च होणारी ऊर्जा याहून कितीतरी जास्त असते, कारण तिला स्वतःचे वजनही चढवावे लागते आणि स्नायूंनी खर्च केलेल्या ऊर्जेतील बराच भाग उष्णतेत जातो.) हा हंड्यांचा हिशेब लक्षात ठेवावा. पुढे तो लागणार आहे.

खेळणारा नसलेले यंत्र

रिकाम्या यंत्राचे एक टोकाचे उदाहरण आधी पाहू, म्हणजे मुद्दा स्पष्ट होईल. जुगाराचे स्लॉट मशीन अनेकांनी चित्रपटात पाहिले असेल. नाणे टाकायचे, दांडा ओढायचा आणि तीन चक्रांवर एकसारखी चित्रे येतात का ते पाहायचे. महाराष्ट्रात ते पाहायला मिळत नाही. १९७६ मध्ये येथे कॅसिनोंसाठी कायदा झाला होता, पण तो कधी अंमलातच आला नाही आणि २०२३ मध्ये रद्द झाला. गोव्यात मात्र १९९२ च्या कायदा-दुरुस्तीने पंचतारांकित हॉटेलांत ही यंत्रे ठेवायला वाट मिळाली. परदेशात काही ठिकाणी जुनी यंत्रे लोक हौसेने घरीही ठेवतात. अमेरिकेच्या अनेक राज्यांत ठरावीक वर्षांपेक्षा जुने यंत्र शोभेची वस्तू म्हणून घरात चालते. जपानमधील वापरून झालेली 'पाचिस्लो' यंत्रेही तेथे घरगुती करमणुकीसाठी विकली गेली.

या यंत्राचा पूर्वज विजेवर चालतच नव्हता. सॅन फ्रान्सिस्कोच्या चार्ल्स फे याने १८९० च्या दशकात बनवलेले 'लिबर्टी बेल' हे यंत्र स्प्रिंगा आणि दातेरी चाकांचे होते. दांडा ओढणारा हातच त्याला ऊर्जा देत असे. समजा, ५० न्यूटन बलाने दांडा ४० सेंटीमीटर ओढला, तर काम ५० × ०.४ = २० ज्यूल झाले. चक्रे फिरायला तेवढे पुरत असे. कोणी ओढले नाही तर खर्च शून्य. आपल्याकडच्या जात्याचे तसेच आहे. हात थांबला की जाते थांबते आणि खर्चही थांबतो.

१९६० च्या दशकात अमेरिकेतील बॅली कंपनीने चक्रे विजेवर फिरवणारे यंत्र आणले. त्यानंतर दिवे, पडदे, आवाज आणि संगणकाचे भाग वाढत गेले. अशा यंत्राला १५० वॅट लागतात असे हिशेबासाठी धरू. दिवे व पडदे यांप्रमाणे हा आकडा कमी-जास्त होईल. आता प्रश्न असा, की कोणी खेळत नसताना त्याला किती वीज लागेल? उत्तर आश्चर्याचे आहे: जवळजवळ तेवढीच. वीज मुख्यतः दिवे, पडदा आणि सतत जागे असलेले इलेक्ट्रॉनिक भाग घेतात. खेळणारा असताना चक्रांसाठी जी भर पडते ती थोडी. उलट खेळणारा नसतानाच यंत्राला दिवे उघडझाप करून येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलवायचे असते.

हे यंत्र घरी ठेवून दिवसातून एक तास खेळले आणि उरलेला वेळ प्लग काढून ठेवला, तर महिन्याला ०.१५ × ३० = ४.५ युनिटे लागतील. प्लग लावलेलाच ठेवला, तर ०.१५ × २४ × ३० = १०८ युनिटे. खेळ तेवढाच, वीज चोवीसपट. फे याच्या यंत्राला एका खेळासाठी २० ज्यूल लागत. हे यंत्र रिकामे असतानाही पापणी लवते तेवढ्यात २० ज्यूल खाऊन टाकते.

आपल्या घरातील जागे यंत्र

स्लॉट मशीन आपल्या घरी येणार नाही. पण त्याच स्वभावाचे एक यंत्र पाड्यांवरच्या घरांतही पोचले आहे. डोंगराळ भागात केबल नेणे कठीण, म्हणून घरावर छत्री येते आणि टीव्हीजवळ सेट टॉप बॉक्स. कार्यक्रम संपला की रिमोटचे लाल बटण दाबतात. चित्र जाते, पेटीवर एक छोटा लाल दिवा उरतो आणि आपण म्हणतो, 'टीव्ही बंद केला.'

खरे पाहता बंद झाले ते चित्र. पेटीत येणाऱ्या विजेचा दाब कमी करणारे मंडल चालूच राहते. रिमोटची खूण ओळखणारा भाग जागा असावाच लागतो, नाहीतर पुन्हा बटण दाबल्यावर पेटी उठणार कशी? अनेक पेट्यांत संदेश घेणारा भागही चालू राहतो. छत्रीच्या टोकाशी जो लहानसा डबा असतो त्यालाही वीज याच पेटीकडून, याच केबलमधून जाते. म्हणून बऱ्याच पेट्यांना 'झोपेत' लागणारी शक्ती जागेपणीच्या शक्तीहून फारशी कमी नसते. प्रकाराप्रमाणे ती साधारण ८ ते १५ वॅट असते.

हे पडताळायला उपकरण लागत नाही. वीज कुठेही खर्च झाली तरी शेवटी तिची उष्णता होते. रात्रभर 'बंद' असलेल्या पेटीवर सकाळी तळहात ठेवून पाहा. ती कोमट लागली तर ती रात्रभर जागी होती. जव्हारच्या थंडीत घरातले मांजर पेटीवर जाऊन बसत असेल, तर त्याने हा प्रयोग आपल्या आधीच केला आहे.

आता हंड्यांचा हिशेब. पेटी १२ वॅटची आणि टीव्ही चार तास पाहिला जातो असे धरू. उरलेले वीस तास पेटी रिकामी जागते. वीस तासांत तिला २४० वॅट-तास, म्हणजे ०.२४ युनिट लागते. ज्यूलमध्ये हे ८,६४,००० झाले. याला ८८२० ने भागले तर ९८ येतात. जवळजवळ शंभर हंडे पाणी साठ मीटर चढवण्याइतकी ऊर्जा रोज एक लाल दिवा जागा ठेवण्यात गेली.

३६० युनिटांची रेषा

०.२४ युनिटाने काय बिघडते, असे शहरातला माणूस म्हणेल. म्हणूनच आता दरपत्रकाकडे वळू. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाच्या मार्च २०२० च्या दर आदेशात दारिद्र्यरेषेखालील घरगुती ग्राहकांचा कमी दराचा वेगळा गट आहे. त्याला दोन मुख्य अटी आहेत. मंजूर भार पाव किलोवॅटपर्यंत असावा आणि आधीच्या आर्थिक वर्षातील वापर ३६० युनिटांच्या आत असावा. म्हणजे सरासरीने महिन्याला ३० युनिटे. वर्षाअखेर वापर तपासला जातो. तो ३६० च्या पुढे गेला तर पुढे सर्वसाधारण घरगुती दर लागू होतो. दर व अटी वेळोवेळी बदलतात, म्हणून वर्गात हा पाठ घेताना चालू दरपत्रक व मुलांच्या घरची बिले समोर ठेवावीत.

समजा, एका घरात पुढील उपकरणे आहेत. रोजचा वापर असा मांडता येईल:

९ वॅटचे २ एलईडी दिवे, ५ तास : ०.०९० युनिट
७५ वॅटचा १ पंखा, ६ तास : ०.४५० युनिट
४५ वॅटचा टीव्ही, ४ तास : ०.१८० युनिट
२ मोबाईल भरणे : ०.०२० युनिट
एकूण : ०.७४० युनिट

यात सेट टॉप बॉक्स अजून धरलेला नाही. तो टीव्हीबरोबर चार तासच चालवला आणि नंतर भिंतीवरच्या बटणाने बंद केला, तर रोज ०.०४८ युनिट वाढेल. बेरीज ०.७८८ युनिट, म्हणजे वर्षाला सुमारे २८८ युनिटे. हे घर रेषेच्या बरेच आत राहते.

पेटी चोवीस तास जागी ठेवली, तर रोज ०.२८८ युनिट वाढेल. बेरीज १.०२८ युनिट आणि वर्षाला सुमारे ३७५ युनिटे. घर रेषेबाहेर गेले! एक दिवा वाढला नाही, पंखा जास्त फिरला नाही, टीव्ही पाच मिनिटेही जास्त पाहिला नाही. फरक पडला तो कोणीही न वापरलेल्या विजेने.

यात आणखी एक गोष्ट मुलांच्या लक्षात आणून द्यावी. यादीतील सर्वांत 'मोठे' उपकरण पंखा, ७५ वॅटचा. पेटी त्याच्या सहाव्या भागाहूनही लहान. तरीही चोवीस तास जागी असलेली पेटी टीव्हीपेक्षा जास्त आणि दोन्ही दिव्यांच्या तिप्पट वीज घेते. शक्ती लहान असली तरी वेळ मोठा असला, की गुणाकार मोठा होतो.

बंद घराचे बिल

या भागातील अनेक कुटुंबे भातकापणी आणि दिवाळी झाली की वीटभट्ट्यांवर किंवा बांधकामांवर कामाला जातात आणि काही महिन्यांनी परततात. घराला कुलूप असते. परत आल्यावर बिल पाहून 'घरात कोणी नव्हते, मग युनिटे कुठून आली?' असा प्रश्न पडतो. बिलातला स्थिर आकार वापर नसतानाही लागतो, हे एक कारण. पण वाचनाचा आकडाही पुढे सरकलेला असेल, तर प्लगला काय लावलेले राहिले ते आधी पाहावे. १२ वॅटची पेटी १२० दिवसांत १२ × २४ × १२० ÷ १००० = ३४.५६ युनिटे घेते. वर्षाच्या मर्यादेचा जवळजवळ दहावा भाग कुलपाआड संपतो. गावाला जाताना मुख्य स्विच बंद करणे हा याचा सोपा उपाय. पावसाळ्याआधीच्या विजा आणि दाबाची वरखाली यांपासूनही उपकरणे त्यामुळे वाचतात.

मीटरकडून उत्तर काढणे

वर आपण बरेच 'समजा' केले. खरा आकडा घरचा मीटर सांगतो. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लहान दिवा लुकलुकतो आणि एका युनिटाला किती लुकलुकी, हे मीटरवर छापलेले असते. उदाहरणार्थ ३२००. अशा मीटरमध्ये एक लुकलुक म्हणजे ३६,००,००० ÷ ३२०० = ११२५ ज्यूल. दोन लुकलुकींमधील सेकंद मोजले आणि ११२५ ला त्यांनी भागले की वॅट मिळतात. मीटरवरचा अंक वेगळा असेल तर भागाकार नव्याने करावा.

नुसती पेटी चालू ठेवून मोजू नये. अगदी लहान भार काही मीटर नोंदवत नाहीत आणि १२ वॅटला दीड मिनिटाने एखादी लुकलुक दिसते. त्यापेक्षा फरकाची पद्धत बरी. घरातील सर्व उपकरणे बंद करून फक्त पंखा पूर्ण वेगाने चालवा. एका लुकलुकीला शून्य म्हणून तेथून दहा लुकलुकींचा वेळ घ्या. पंखा ७५ वॅटचा असेल तर १५० सेकंद येतील. आता पंखा तसाच ठेवून पेटी लावा आणि रिमोटने 'बंद' करा. पुन्हा दहा लुकलुकी मोजा. वेळ १२९ सेकंद आला, तर ११२५० ÷ १२९ = ८७ वॅट. फरक १२ वॅट. विजेचा दाब मध्येच बदलला तर पंख्याचे वॅटही बदलतात, म्हणून शेवटी एकट्या पंख्याचे मोजमाप परत घ्यावे. पहिले व तिसरे उत्तर जुळले तरच मधले मानावे. विज्ञानातील मोजमाप असेच करायचे असते, हा धडा यातून आपोआप मिळतो.

एक सूचना ठामपणे द्यावी. मुलांनी मीटर लांबून फक्त पाहायचा आहे. मीटरला, त्याच्या तारांना किंवा कटआउटला हात लावायचा नाही. उपकरणे लावण्या-काढण्याचे काम घरातील मोठ्यांनी करावे.

हे मोजताना उपकरणावर छापलेले वॅटही वहीत लिहून घ्यावेत. छापलेला आकडा बहुधा जास्तीत जास्त शक्तीचा असतो. प्रत्यक्ष मोजलेला त्याहून कमी आला तर मुलांनी गोंधळू नये. मोबाईलचा नवा चार्जर नुसता प्लगला असेल तर अर्ध्या वॅटहूनही कमी घेतो. लोखंडी गाभ्याचे जुने जड चार्जर मात्र एक ते तीन वॅट घेत. म्हणजे रिकाम्या चार्जरवरून घरात भांडण्याइतका तो आज मोठा गुन्हेगार नाही. कोणावर रागवायचे हेसुद्धा मोजून ठरवावे.

दोष कोणाचा?

काही यंत्रांचे जागे राहणे हेच काम असते. आरोग्य केंद्रातील लसींचा शीतकपाट रिकामा दिसला तरी बंद करायचा नसतो. म्हणून 'जे दिसेल ते बंद करा' असा नियम मुलांना देऊ नये. प्रश्न असा विचारावा: हे यंत्र आत्ता जागे राहून कोणाचे कोणते काम करते आहे?

आणि सगळा भार घरावर टाकणेही योग्य नाही. पेटी बारा वॅट घेऊन झोपते की अर्ध्या वॅटवर, हे ती बनवणारा ठरवतो. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने १९९९ मध्ये रिकाम्या उपकरणाचा खर्च एक वॅटवर आणण्याचा प्रस्ताव मांडला. युरोपीय संघाने २००८ मध्ये नियम करून अनेक घरगुती उपकरणांना २०१० पासून एक वॅटची आणि २०१३ पासून अर्ध्या वॅटची मर्यादा घातली. त्यांची उपकरणे त्यामुळे बंद पडली नाहीत. सर्किटांची रचना तेवढी सुधारली. आपल्याकडे ऊर्जा दक्षता ब्यूरोच्या ताऱ्यांमुळे पंखा किंवा शीतकपाट घेताना लोक दोनदा पाहू लागले आहेत. तशीच नजर रिकाम्या खर्चाकडेही वळायला हवी. तोवर भिंतीवरचे बटण आपल्या हातात आहे.

वर्गासाठी काही प्रश्न

१. घरातील रात्री दिसणारे सर्व छोटे लाल-हिरवे दिवे मोजा. प्रत्येक दिवा कोणत्या यंत्राचा आहे आणि ते यंत्र जागे राहून काय काम करते, ते लिहा.

२. मागील बारा महिन्यांची बिले मिळवून युनिटांचा स्तंभालेख काढा. घर बंद असलेल्या महिन्यांत स्तंभ शून्यावर आला का?

३. आश्रमशाळेच्या संगणक खोलीतील दहा संगणक सुट्टीच्या चाळीस दिवसांत प्रत्येकी ३ वॅट घेत राहिले, तर किती युनिटे लागतील? तेवढ्या ऊर्जेत साठ मीटर चढावरून पाण्याचे किती हंडे येतील?

४. तुमच्या पाड्यापासून विहिरीपर्यंतचा खरा चढ किती मीटर आहे? तो मोजण्याची पद्धत शोधा आणि लेखातील ६० मीटरच्या जागी तुमचा आकडा घालून हंड्यांचा हिशेब पुन्हा करा.